डिक्की

ऑपेरा हाउसला आमचं मोटारींच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. काउंटरवर दिवसभर हा शब्द चालू असतो. डिक्कीचं लॉक, डिक्कीची केबल, डिक्कीचं रबर, डिक्कीचे शॉकर. परवा एका गिऱ्हाइकाने दुकानातल्या मुलाला चारचौघांत सुनावलं, "डिक्की काय? बूट म्हणतात त्याला. इंग्रजी शब्द वापरायचा तर नीट वापर." मुलगा ओशाळला. मला ते फार लागलं, कारण तो चुकीचं काहीच बोलला नव्हता.

डिक्की हा चांगला जुना इंग्रजी शब्द आहे. आपल्याकडे 'क' वर जोर आला एवढंच. १८व्या-१९व्या शतकात इंग्लंडात त्याचे अर्थ तरी किती होते! गाढव, चिमुकला पक्षी, बायकांचा आतला परकर. शर्टाच्या नुसत्या पुढच्या भागालाही डिकी म्हणत. अख्खा शर्ट न घालता कडक इस्त्रीची छाती तेवढी कोटाआड अडकवायची. घोडागाडीत कोचमन बसायचा ती जागा डिकी, आणि गाडीच्या मागे नोकर बसायचा तीही डिकीच. मालक आत, नोकर बाहेर उन्हापावसात.

घोडे गेले, मोटारी आल्या, पण ही जागा राहिली. १९२०-३०च्या दशकांतल्या दोन सिटांच्या काही गाड्यांना मागे बसायची अशी सोय असायची. हॉर्निमन सर्कलला जुन्या गाड्या मांडल्या होत्या, तेव्हा मी एक अगदी जवळून पाहिली. झाकणाची मूठ वरच्या कडेला आणि बिजागऱ्या खाली, म्हणजे आजच्या डिक्कीच्या बरोबर उलट. मूठ धरून झाकण मागे ओढलं की त्याचीच आतली बाजू पाठ टेकायला होते. तिला चामड्याची गादी लावलेली. चढायला मागच्या मडगार्डवर जेमतेम पाऊल मावेल एवढी पायरी. पुढच्या दोघांच्या डोक्यावर कापडी हूड, मागच्यांच्या डोक्यावर काही नाही. आपल्या जुलैत तिथे बसणाऱ्याचं काय होत असेल!

पुढे बंद छपराच्या गाड्या आल्या, मागचं बसणं संपलं आणि ती जागा सामानाची झाली. इंग्रज तिला बूट म्हणतात, आपण डिक्कीच म्हणत राहिलो.

आता बूटचं बघा. जुन्या कोचगाडीत दाराच्या पायरीपाशी नोकरचाकर बसत, त्या जागेला बूट म्हणायचे. नंतर गाडीच्या पुढेमागे सामानाचा कप्पा आला, त्यालाही तेच नाव चिकटलं. म्हणजे दोन्ही शब्द नोकराच्या जागेवरूनच सामानापर्यंत आले. मग बूट तेवढा शुद्ध आणि डिक्की अडाण्यांची, हे कुठून काढलं? आमच्या मुलाला हे कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून मी सांगितलं.

शिवाय आपण हा शब्द नुसता सांभाळून ठेवला नाही, त्याला कामाला लावलं. कुर्ल्याला बनलेल्या पद्मिनी टॅक्सीच्या डिक्कीत सीएनजीची टाकी बसली आणि बॅगा टपावरच्या कॅरियरवर गेल्या. "डिक्कीत टाकी आहे, सामान वर टाका," हे दादर स्टेशनबाहेर कुणी ऐकलं नाही? स्कूटरच्या सीटखाली जरा पोकळी मिळाली, तिचीही डिक्की झाली. "डिक्कीतील रोकड लांबवली" अशी बातमी आली की गाडी दोन चाकांची की चार, हे पुढे वाचल्यावरच कळतं.

इलेक्ट्रिक गाड्यांनी तर त्याला पार पुढे नेऊन ठेवलं. इंजिन नाही, त्यामुळे काही मॉडेलांत बोनेटखाली सामानाची जागा असते. गेल्या आठवड्यात एक टॅक्सीवाले काका विचारत आले, "पुढच्या डिक्कीचं लॉक मिळेल का?" आम्हाला लगेच कळलं. कंपनीच्या कॅटलॉगमध्ये त्या भागाला दुसरंच नाव आहे. मागवून दिलं, आणि आमच्या स्टॉकच्या वहीत मी ते 'डिक्की लॉक, पुढचं' असंच लिहिलं.