बाबांचा रिपोर्ट

काल रात्री साडेदहाला लॅबचा मेसेज आला, सीए १९-९ (रक्तातला एक मार्कर, म्हणजे काही कॅन्सरमध्ये वाढणारा पदार्थ) : ११२, आणि शेजारी नॉर्मल ३७ पर्यंत. गुगल केलं तर सगळीकडे स्वादुपिंडाचा कॅन्सर, मग कसली झोप. बाबांना काहीच बोलले नाही, ते आपले कावीळ झालीये म्हणून उसाचा रस मागत होते...

आज डॉक्टरांनी नीट बसवून समजावलं, की हा मार्कर एकटा कॅन्सर सांगत नाही, पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली किंवा स्वादुपिंडाला सूज आली तरी तो वाढतो, आणि उलट काही जणांच्या शरीरात तो बनतच नाही त्यामुळे कॅन्सर असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. म्हणून धडधाकट माणसाने नुसती पॅकेजमध्ये आहे म्हणून ही टेस्ट करू नये असं मला तरी मनापासून वाटतं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसलेत, उद्या एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय), अडथळा निघून कावीळ उतरली की मार्कर परत बघायचा. सीटी स्कॅनही करायचाच आहे, भीती काही पूर्ण गेली नाहीये.

घरी आल्यावर आईने रिपोर्टची घडी करून देवघरात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवली. बाबांनी विचारलं, "काय गं, काय म्हणाले?" म्हटलं, खडा असेल बहुतेक, उद्या कळेल.