बोबोची टाइमलाइन: झरा अखेर जागेवर बसला

मंडळी, बसला! नव्या मंडळींसाठी एका ओळीत: बोबो म्हणजे डीसी कॉमिक्समधला 'डिटेक्टिव्ह चिंप', गुन्हे उकलणारा चिंपांझी, आणि त्याचं आयुष्य मी भिंतीवरच्या चार्टवर कार्डं, दोऱ्या आणि टाचण्यांनी तारीखवार लावतोय. तर त्याचं वय थांबवणारा तारुण्याचा झरा चार्टवर बसलाय, आणि कोंबून नाही तर नीट बसलाय, पुढचा-मागचा एकही धागा न तोडता. मागच्या अपडेटमध्ये १९६० ते २००५ हा अख्खा पट्टा कोरा बघून बऱ्याच जणांनी विचारलं होतं की काम थांबलं का. थांबलं नव्हतं, अडलं होतं. आजचं अपडेट जवळजवळ सगळं त्याच एका अडचणीबद्दल आहे, बाकीचं जाता जाता उरकतो.

आधी एक आनंदाची बातमी. पन्नासच्या दशकाचा पट्टा पूर्ण झाला. बोबोच्या गोष्टी रेक्स नावाच्या पराक्रमी कुत्र्याच्या कॉमिकमध्ये बॅकअप म्हणून, म्हणजे मुख्य गोष्टीच्या मागे, यायच्या. त्या 'रेक्स द वंडर डॉग'चा अंक ४, जुलै-ऑगस्ट १९५२, तिथून १९५९ मधल्या ४६व्या म्हणजे शेवटच्या अंकापर्यंत सगळी कार्डं हिरव्या शाईत लागली. बोबोचा मालक फ्रेड थॉर्प याचा खून, नंतर बोबो ज्याच्याबरोबर काम करतो तो शेरीफ चेज, फ्लोरिडातली ओस्कालूसा काउंटी, सगळं. आपली खूण माहितीय ना, उजव्या कोपऱ्यात ढग म्हणजे बोबो फक्त मनात बोलतो, फुगा म्हणजे तोंडानं बोलतो. तर हा अख्खा हिरवा पट्टा म्हणजे ढगच ढग. माणसं बोलतात, बोबोला सगळं कळतं, पुरावा तोच हुडकतो, पण सांगायचं कसं हा प्रश्न दर गोष्टीत, आणि चित्रकार कार्माइन इन्फँटिनोनं तो ज्या पद्धतीनं सोडवलाय ना, ते बघण्यासाठी तरी हे बॅकअप वाचा. शब्दांचा आधार नाही म्हटल्यावर त्यानं सगळं काम बोबोच्या खांद्यांना, ओठांना आणि लांब हातांना दिलं. शेरीफ एकीकडे चुकीच्या माणसाला पकडतोय आणि हा दुसरीकडे त्याची पँट ओढतोय, असं. बऱ्याच गोष्टींची शाईसुद्धा इन्फँटिनोनं स्वतः केली होती आणि त्याचं हे फार आवडतं काम होतं, ते पानापानावर दिसतं. जॉन ब्रूमच्या स्क्रिप्टमध्ये एक शब्द जास्त नाही. माझ्या मते या जोडीचं 'फ्लॅश' जितकं गाजलं तितकंच हेही गाजायला हवं होतं.

आता अडचण. २००५ मध्ये 'डे ऑफ व्हेंजन्स'मध्ये बोबो पुन्हा येतो तो ऑब्लिव्हियन बारमध्ये, म्हणजे जादूवाल्या मंडळींच्या अड्ड्यावर, ग्लास घेऊन, आणि येतो तो खणखणीत बोलतच. १९५९ ला ढग, २००५ ला फुगा. मध्ये कधीतरी तो बोलायला लागला आणि मध्ये कधीतरी त्याचं वय थांबलं, कारण चिंपांझी पिंजऱ्यात, डॉक्टरच्या देखरेखीखाली वगैरे राहिला तरी फार तर पन्नास-साठ वर्षं जगतो, म्हणजे १९५२ ला मोठा असलेला बोबो २००५ ला असा तरतरीत दिसणं शक्यच नाही. याचं उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे, झरा. १९८१ मध्ये 'डीसी कॉमिक्स प्रेझेंट्स' अंक ३५ च्या बॅकअपमध्ये रेक्स आणि बोबोला तारुण्याचा झरा सापडतो. पुढे २००७ मध्ये 'हेल्मेट ऑफ फेट'च्या वन-शॉटमध्ये (एकाच अंकात संपणारी गोष्ट) लेखक बिल विलिंगहॅमनं तोच झरा परत आणला आणि बोबोचं बोलणं त्याच पाण्याला जोडलं, माणसांशीच नाही तर कुठल्याही प्राण्याशी बोलता येणं. उत्तर आहे, पण तारीख नाही. चार्टवर टाचणी लावायला मला तारीख लागते, निदान चार-पाच वर्षांची खिडकी तरी.

आता १९८१ ला गोष्ट छापली म्हणून १९८१ ला टाचणी लावायची, हा सोपा मार्ग, आणि बाहेरच्या बहुतेक याद्यांमध्ये तेच केलेलं असतं. मला ते कधीच पटलं नाही. छापल्याची तारीख आणि घडल्याची तारीख एकच धरली तर मग चार्ट कशाला करायचा, अंकांची यादी पुरे.

वर क्रायसिसचा गुंता आहेच. १९८५-८६ च्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या मालिकेनं डीसीचं जुनं जग पुसलं, म्हणजे १९८१ ची गोष्ट प्री-क्रायसिस, मग ती धरायची की नाही? १९८९ मध्ये 'सिक्रेट ओरिजिन्स'चा ४०वा अंक आला, वानर स्पेशल, काँगोरिला, ग्रॉड आणि आपला बोबो, त्यात परत वेगळी उगमकथा. ते कार्ड मी मुख्य दोरीवर लावलेलंच नाही, खाली फांदीवर जांभळ्या शाईत टांगलंय, आणि तिथेच राहणार, कारण २००७ च्या गोष्टीनं झरा पोस्ट-क्रायसिस जगात रीतसर आणला, त्यामुळे झऱ्याला दोन्ही जगांचा आधार आहे आणि फांदीवरच्या गोष्टीला एकाच अंकाचा. रेटकॉनमध्ये, म्हणजे जुनी गोष्ट नंतर बदलली जाते तेव्हा, मी नेहमी हाच नियम लावतो, जी गोष्ट पुसल्यानंतरही परत येते ती खरी.

मग खिडकी कुठली? बरेच दिवस मी बोबोच्या वयाकडून हिशोब लावत होतो आणि तिकडून काही हाताला लागत नव्हतं, कारण चिंपांझीचं आयुष्य इतकं लांब असतं की १९५५ काय आणि १९८५ काय, झरा कुठेही बसतो. आणि मग गेल्या आठवड्यात रेक्सचे पहिले अंक परत चाळताना डोक्यात उजेड पडला. झऱ्यावर एकटा बोबो नव्हता. कुत्रा होता!

कुत्रा किती जगतो? मोठ्या अंगाचा असेल तर दहा-बारा वर्षं, फार झालं तर चौदा. आणि रेक्स १९५२ च्या पहिल्या अंकात पिल्लू नाहीये, पूर्ण वाढलेला, सैन्यातून आलेला कुत्रा आहे. म्हणजे आपण कितीही हात सैल सोडला तरी साठ-बासष्टच्या पलीकडे रेक्स झऱ्यापर्यंत चालत जाऊच शकत नाही. झाली की खिडकी तयार! एका बाजूला १९५९, कारण तोपर्यंतच्या पट्ट्यात बोबो बोलत नाही, दुसऱ्या बाजूला बासष्ट, कारण त्यापुढे रेक्स नाही. तीन वर्षांत झरा. निळी टाचणी मी १९६० वर लावली.

इथे कोणीतरी म्हणणारच की रेक्सला डॉक्टर अॅनाबोलसचं सिरम दिलं होतं, त्याला कुत्र्याचा साधा हिशोब कसा लावता. मुद्दा बरोबर आहे आणि मीही त्यावर घुटमळलो. पण विचार करा, सिरमनंच रेक्सचं वय थांबलं असतं तर त्याला झऱ्याची गरजच उरली नसती आणि १९८१ च्या गोष्टीचा कणाच मोडला असता. सिरमनं ताकद दिली, बुद्धी दिली, वर्षं दिली नाहीत. वर्षं पाण्यानं दिली. गोष्टीला स्वतःलाच ही वाटणी हवीय.

आणि जागा बघा किती छान जुळते. फ्लोरिडा! तारुण्याचा झरा म्हटलं की पॉन्से दे लिऑन, जो १५१३ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागला. खरं तर तो झरा शोधायला निघाला होता ही गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या नावाला चिकटली, पण चिकटली ती कायमची, आज सेंट ऑगस्टिनला त्या नावाचं पार्कसुद्धा आहे. ब्रूमनं १९५२ ला शेरीफ चेजची काउंटी टेक्ससमध्ये नाही तर फ्लोरिडात ठेवली, आणि एकोणतीस वर्षांनी दुसऱ्या कोणाला तरी तिथेच झरा सापडला. बोबोला कुठे लांब जावंच लागलं नाही. असे सांधे दिसले की मला या छंदाचं सार्थक वाटतं.

हे लिहिता लिहिताच आणखी एक गोष्ट सुचली, आणि ती झऱ्याहून मोठी आहे, त्यामुळे पुढचा सगळा प्लॅन बदलतोय. चार्टवर मी ओएचपी शीटची (पारदर्शक प्लास्टिकची) सरकती पट्टी लावली होती, स्लायडिंग टाइमलाइनसाठी. बॅटमॅन वगैरे मंडळींचं वय वाढत नाही म्हणून त्यांची सुरुवात दर काही वर्षांनी पुढे ढकलावी लागते, तशी बोबोचीही ढकलायची असं धरून. पण कशासाठी? ज्याचं वय १९६० ला थांबलं त्याला १९५२ हे १९५२ म्हणूनच ठेवता येतं! थॉर्प तेव्हाच गेला, चेज त्याच्या काळात जगला. बोबो तसाच राहिला आणि जग त्याच्या भोवतीनं पुढे गेलं. इतक्या मोठ्या डीसी जगात ज्यांच्या जुन्या तारखांना हात लावायची गरज नाही असे फार थोडे, आणि त्यात एक चिंपांझी. सरकती पट्टी काढून टाकली. बोबोचा पट्टा आता खिळ्यानं पक्का, आणि बाकीचे सगळे त्याच्यावरून सरकणार.

त्यामुळे बारमधला बोबोही वेगळा दिसायला लागला. २००७ च्या गोष्टीप्रमाणे त्यानं स्वतःची डिटेक्टिव्ह एजन्सी काढली, धंदा चालला, पण माणूस नसल्यामुळे कायदा आडवा आला, आणि मग दारू. टाचणी १९६० वर असेल तर एजन्सी आणि बार मिळून पंचेचाळीस वर्षं होतात. ओळखीची माणसं एकेक करून गेली, आणि बोलता येत असूनही कायद्याच्या लेखी कोणी नाही, असा तो बसलाय. 'डे ऑफ व्हेंजन्स' या नजरेनं परत वाचा, स्पेक्टर या सूडाच्या आत्म्याशी लढायची योजना आखताना तो जो तिरसटपणा करतो त्याच्यामागे काय आहे ते कळतं.

'५२' या साप्ताहिक मालिकेचं कार्डही सुटलं. १८व्या आठवड्यात क्रोएटोअन सोसायटी या डिटेक्टिव्हांच्या मंडळात बोबो आणि रॅल्फ डिब्नी एकत्र दिसतात. रॅल्फ म्हणजे इलाँगेटेड मॅन, १९६० मध्ये 'फ्लॅश' ११२ मध्ये आला, आणि त्याचे जनक कोण? ब्रूम आणि इन्फँटिनोच! रॅल्फचा पट्टा सरकता, बोबोचा पक्का, त्यामुळे दोघं एका खोलीत आरामात मावतात. एकाच जोडीचे दोन डिटेक्टिव्ह एका टेबलाला. या कार्डाला मी सोनेरी कड लावलीय.

२०११ च्या न्यू ५२ नंतरचा, म्हणजे डीसीनं आपलं जग पुन्हा नव्यानं सुरू केलं त्यानंतरचा, भाग अजून कच्चा आहे. २०१७ चं 'मेटल', मग २०१८ पासून लेखक जेम्स टायनियनचं 'जस्टिस लीग डार्क', त्यात बोबोकडे नाइटमास्टर या योद्ध्याची जादूची तलवार आणि ऑब्लिव्हियन बार दोन्ही येतात, ही कार्डं पेन्सिलीत आहेत. त्याचा चित्रकार मार्टिनेझ बुएनोचा बोबो मात्र मला इन्फँटिनोनंतरचा सगळ्यात चांगला वाटतो, टोपी, कोट सगळं आहे पण आत खरं जनावर आहे.

थोडं सामानाबद्दल. 'डीसी कॉमिक्स प्रेझेंट्स' ३५ ची फ्लॉपी (सुटा पातळ अंक) एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली, 'व्हेरी फाइन' लिहिलेलं, आली ती बोर्डशिवाय, साध्या पाकिटात, पाठीला वळ आणि पिनांना गंज. फोटो पाठवले, उत्तर नाही. जुन्या अंकांसाठी पिनांचा क्लोजअप फोटो आल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि स्टेशनरीच्या दुकानातल्या पीव्हीसीच्या पिशव्या प्लीज वापरू नका, आपल्या पावसाळ्यात त्या कव्हरला चिकटतात आणि शाई ओढतात. पॉलिप्रॉपिलीन, मागे अॅसिड-फ्री बोर्ड आणि डब्यात सिलिका जेल, खर्च थोडा जास्त पण अंक वाचतो. चार्टसाठी स्प्रेडशीट सुचवणाऱ्यांना एवढंच सांगतो, वापरून बघितली, तारखा लावायला उत्तम, पण कुत्रा आणि चिंपांझी एकाच झऱ्यापाशी उभे आहेत हे मला भिंतीवरच्या दोरीनंच दाखवलं.

पुढचं काम आता रेक्सचा स्वतंत्र पट्टा, बोबोच्या बरोबर खाली, लाल दोरीनं. आधी तो प्लॅनमध्ये नव्हताच, पण झरा त्याच्यामुळे बसला तर त्याची दोरी हवीच. १९५७ ते ५९ च्या अंकांमध्ये रेक्सच्या वयाचा, थकव्याचा किंवा सैन्यातल्या वर्षांचा उल्लेख कोणाला कुठल्याही पॅनलमध्ये दिसला असेल तर अंक आणि पान कळवा, तो मिळाला तर खिडकी तीन वर्षांवरून एकावर येईल.