मीटर ६१,२४० ते ६६,८१०: उसाच्या हंगामापासून मृगापर्यंत

गाडी तीच. २०१४ सालची १५० सीसी मोटारसायकल, कार्ब्युरेटरवाली, पुढं डिस्क, मागं ड्रम. रस्ताही तोच, अंबाजोगाईहून लातूर रोडनं बावीस किलोमीटरवर शाळा. मागची नोंद दिवाळीत लिहिली होती. त्यानंतर डिसेंबरात मी पडलो. म्हणून या वेळी अर्धी नोंद गाडीची आहे आणि अर्धी अंगावरच्या सामानाची.

मीटर ६१,२४०

स्नेहसंमेलनाची तालीम आटपून निघायला साडेसात झाले. पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, शेवटच्या ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर. शेतातून वर चढताना ट्रॅक्टरच्या टायरांनी काळ्या मातीचा चिखल सडकेवर आणून टाकलेला होता. ट्रॉली अंधारातून एकदम समोर आली, मी पुढचा ब्रेक दाबला आणि चाक खालून निघून गेलं. वेग चाळीसच्या आसपास असेल.

पडताना माणूस आधी हात टेकतो, ते ठरवून होत नाही. दोन्ही तळव्यांची सालटी निघाली, उजवा गुडघा फुटला. डोकं वाचलं, कारण हेल्मेट फुल फेस होतं आणि पट्टा लावलेला होता. हनुवटीच्या जागी हेल्मेट बोटभर घासलं गेलंय. तिथं हेल्मेट नसतं तर काय घासलं गेलं असतं, हे मी अजून आरशात बघताना आठवतो.

तीन आठवडे खडू धरता आला नाही. तेवढ्या दिवसांत गाडीचं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. एक गोष्ट पक्की झाली. पुस्तकातलं वेळापत्रक आपली फुफाट्याची वाट बघून छापलेलं नाही आणि दुकानातलं जाकीट आपला मे महिना बघून शिवलेलं नाही. दोन्ही आपल्या हिशोबानं लावून घ्यावं लागतं.

मीटर ६१,२९०

पडण्यात चिखलाचा वाटा होता, तसा टायरचाही. नक्षी शाबूत दिसत होती म्हणून मी निर्धास्त होतो. टायरच्या भिंतीवर लांबट गोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. माझ्या पुढच्या टायरवर १६१७ होतं, म्हणजे २०१७ सालचा सोळावा आठवडा. नक्षीच्या खाचेत नख दाबलं तर रुतेना, आणि भिंतीवर केसासारख्या भेगा. हे रबर ओल्यात काय धरणार? नवीन टाकताना दुकानदाराकडून तारीख बघूनच घेतलं. दुकानात पडून राहिलेला टायर नवा म्हणून गळ्यात मारला जातो, तेव्हा बघितल्याशिवाय बसवू देऊ नका.

हवेबद्दल एक समज आपल्याकडं फार पक्का आहे, उन्हाळ्यात टायर फुटतो म्हणून हवा कमी ठेवायची. हे उलटं आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडते आणि दुमडून दुमडूनच आतून तापते. चालताना हवा थोडी वाढते ते धरूनच कंपनीनं आकडा दिलेला असतो. माझ्या गाडीला पुढं २५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मागं एकट्याला २८ आणि दुहेरीला ३२. तुमचा आकडा चेन कव्हरवर किंवा मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर (स्विंगआर्म) चिकटवलेला असेल. हवा सकाळी, टायर गार असताना मोजायची. मी पेनासारखं छोटं गेज घेतलंय. पंपावरचं मीटर त्याच्याशी ताडून बघितलं तर चार पीएसआयचा फरक निघाला.

वेड्या बाभळीचा काटा ट्यूबलेसमध्ये शिरला तर लगेच उपसू नका. जवळ पंक्चर बुजवायची रबरी वात आणि ती आत घालायचा टोच्या असेल तरच काढा, नाहीतर काट्यानंच भोक बुजवून धरलेलं असतं. हळू चालवत दुकान गाठायचं.

मीटर ६२,०५०

चेन. यावर सगळ्यात जास्त लिहितोय, कारण मी यात वर्षानुवर्षं चुकत होतो.

आमच्या मिस्तरींच्या, म्हणजे चाचांच्या, गॅरेजात मी डबल स्टँडवर गाडी लावून चेन ताणत बसलो होतो. चाचा बाजूला चहा पीत होते. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "सर, एकाच जागी बोट लावून काय बघायलात? चाक फिरवा की."

मी चाक हातानं हळूहळू फिरवत चेनच्या खालच्या बाजूला मधोमध बोट लावून बघत गेलो. एका जागी चेन दोन बोटं वरखाली होत होती, आणि पाव फेरा पुढं गेल्यावर एकदम तारेसारखी ताठ. चेन सगळीकडं सारखी झिजत नाही. मी दर वेळी ढिली जागा बघून ताणत आलो, म्हणजे ताठ जागा मी आणखी ताठ करत होतो. ती ताठ जागा सॉकेटवरून (चेनचं दातेरी चाक, स्प्रॉकेट) जाताना प्रत्येक फेऱ्याला गिअरबॉक्सच्या शाफ्टला आणि मागच्या बेअरिंगला हिसका देते. मागच्या वर्षी माझं बेअरिंग का गेलं होतं ते तिथं कळलं.

म्हणून आता क्रम असा: इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला, चाक फिरवून सगळ्यात ताठ जागा शोधायची आणि ढील तिथं मोजायची. माझ्या पुस्तकात २५ ते ३५ मिलिमीटर दिलीय, मी तिशीच्या थोडं वर ठेवतो, कारण मागं कुणी बसलं की चेन अजून ताणली जाते. दोन्हीकडच्या खुणा सारख्या आल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरपं बसतं. ॲक्सलचा नट आवळल्यावर ड्रम ब्रेकवाल्यांनी एक काम विसरू नये. चाक मागं सरकलं की ब्रेकचा रॉड ताणला जातो आणि ब्रेक घासायला लागतो. रॉडचा नट ढिला करून पायाची मोकळीक परत लावायची, आणि मागची लाल लाईट वेळेवर लागते का बघायचं.

इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेनला ऑइल लावणारे मी बघितलेत. तसं करू नका. फडकं चेनमध्ये ओढलं जातं आणि त्याच्यामागं बोट जातं. चाक हातानंच फिरवायचं.

साफ करायला रॉकेल आणि जुना टूथब्रश. ओ-रिंगवाल्या चेनला पेट्रोल लावायचं नाही, रबर खराब होतं. पुसून कोरडी केली की ९० नंबरचं गिअर ऑइल, आतल्या बाजूनं, थेंब थेंब, गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना. रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी वरचं सगळं पुसून काढायचं. हे पुसणं आपल्याकडं सगळ्यात महत्त्वाचं. तेलाचा थर राहिला की त्यावर फुफाटा बसतो, आणि तेल अधिक बारीक माती म्हणजे पॉलिश पेपरच झाला. पुस्तक म्हणतं ५०० किलोमीटरला. उसाच्या दिवसांत मी ३०० ला करतो. सॉकेटचे दात एका बाजूला वाकून हुकासारखे झाले असतील तर चेन आणि दोन्ही सॉकेट एकदम बदला. जुन्या दातांवर नवी चेन टिकत नाही.

मीटर ६२,९००

संभाजीनगरला जाऊन आलो, फक्त सामानासाठी. पहाटे पाचला निघालो, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई, शहागडला गोदावरी ओलांडली तेव्हा ऊन कोवळंच होतं. आमच्या गावात हेल्मेट मिळतं, पण डोक्यात घालून वीस मिनिटं उभं राहू देणारं दुकान मला तिथंच सापडलं.

पडलेलं हेल्मेट मी परत वापरलं नाही. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो आणि दबताना धक्का खाऊन टाकतो. वरून ओरखडाच दिसला तरी आत तो दबला असेल तर पुढच्या वेळी काम करणार नाही.

निघायच्या आधी शिंप्याच्या टेपनं डोकं मोजलं होतं, भुवयांच्या बोटभर वरून गोल. साडेसत्तावन्न सेंटीमीटर. आकडा फक्त सुरुवात आहे. कारण माप तेच असून कुणाचं डोकं गोल असतं, कुणाचं लांबट. पहिलं हेल्मेट घातलं, दहा मिनिटांत कपाळावर दुखायला लागलं, काढलं तर लाल डाग. ते बाद. दुसऱ्यात गाल दाबले गेले, तोंडातल्या तोंडात गाल चावता यावेत इतके, पण कपाळ मोकळं. हेल्मेट धरून डावी-उजवीकडं हलवलं तर कपाळाची कातडी सोबत हलली, हेल्मेट एकटं फिरलं नाही. पट्टा लावून मागच्या काठाला बोटं घालून पुढं ओढलं, निघालं नाही. गालाची गादी महिनाभरात थोडी बसते, म्हणून दुकानात सैल वाटणारं हेल्मेट घरी अजून सैल होतं.

शिक्का बघायचा तो आयएस ४१५१ चा, म्हणजे हेल्मेटच्या भारतीय मानकाचा, आयएसआय चिन्हासकट. १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट या शिक्क्याशिवाय विकताच येत नाही. तरी रस्त्याच्या कडेला दोन-तीनशेला मिळणाऱ्या टोप्यांवरही तसलंच स्टिकर असतं, ते फसवं. ज्याला जमेल त्यानं आयएसआयच्या जोडीला ईसीई २२.०६ (युरोपात चालणारं मानक) असलेलं घ्यावं, त्यात तिरप्या माराचीही परीक्षा होते. काच पांढरीच घ्या. काळी काच दिवसा बरी वाटते, पण शाळेतून निघायला उशीर झाला की तीच काच विनादिव्याची ट्रॉली झाकून टाकते.

जाकीट जाळीचं घेतलं, सहा हजारांच्या आत. दुकानात सगळे जण कापड चाचपतात, मी आधी आतले पॅड बाहेर काढून बघितले. खांद्याच्या आणि कोपराच्या पॅडवर ईएन १६२१-१ हा युरोपियन मानकाचा नंबर आणि त्यापुढं १ किंवा २ असं छापलेलं पाहिजे. २ म्हणजे धक्का कमी आत येतो. पाठीच्या पॅडचा नंबर वेगळा, ईएन १६२१-२. बऱ्याच जाकिटांत पाठीला नुसता स्पंज घालून देतात. माझ्यातही तोच होता, तो काढून खरा पॅड वेगळा विकत घेतला. आख्ख्या जाकिटाचा दर्जा ए, एए, एएए असा असतो, ईएन १७०९२ प्रमाणे. जाळीचं सहसा ए मध्ये बसतं, आणि ते मला कळूनच मी घेतलं. एएए चं चामड्याचं जाकीट मे महिन्यात माझ्याकडून खुंटीवरच राहिलं असतं.

मापाची एक खूण सांगतो. जाकीट घालून गाडीवर बसल्यासारखे हात पुढं करा आणि दुसऱ्या हातानं कोपराचा पॅड फिरवून बघा. फिरला तर पडल्यावरही फिरणार आणि हाड उघडं पडणार.

हातमोज्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर टणक घसरणारी पट्टी आहे का, आणि मनगटाला आवळायचा पट्टा आहे का. पट्टी रस्त्यावर घसरते, नुसतं कापड अडकतं आणि मनगट मोडतं. गुडघ्याला पँटच्या आतून बांधायचे गार्ड, पायात घोट्याच्या वर येणारे चामडी बूट, नाडी आत खोचलेली. चप्पल घालून गिअर टाकणं मी बंद केलं.

मीटर ६४,५००

ऑइल बदललं. पुस्तक ५,००० म्हणतं, मी ३,००० ला बदलतो. ग्रेड पुस्तकातलीच, आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटारसायकलच्या ऑइलचं जपानी मानक) असल्याची खात्री करून. आपल्या मोटारसायकलींत क्लच प्लेटा त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. कारचं ऑइल टाकलं तर त्यातल्या घसरट द्रव्यांनी क्लच घसरायला लागतो.

एअर फिल्टर उघडला तर त्यात कापसाचे तंतू आणि बोटभर माती. फोमचा असेल तर रॉकेलात धुऊन, पिळून नव्हे तर दाबून, थोडं ऑइल लावून परत. कोरड्या कागदाचा असेल तर आतून बाहेर हलकी हवा मारायची. तेल लावलेला कागदी असेल तर त्याला हवा मारायची नाही, सरळ बदलायचा. प्लग कॉफीच्या रंगाचा निघाला, म्हणजे कार्ब्युरेटर ठीक. डिस्कचं ब्रेक ऑइल दोन वर्षांचं झालं होतं, काळपट पडलेलं. ते हवेतला ओलावा पितं आणि मग घाटात तापल्यावर लिव्हर मऊ पडतो. बदललं.

एप्रिल आणि मे

ही नोंद मला कुठं वाचायला मिळाली नव्हती, म्हणून सविस्तर. पारा ४२ वर असताना जाकीट घालून दुपारी परत यायचं. फाट्यावर चहाला थांबलो की कुणीतरी विचारायचंच, "काय ओ सर, थंडी वाजायली का?"

चाळिशीच्या वर हवा अंगापेक्षा गरम असते. तो वारा गार करत नाही, भाजतो. उघड्या हातांना बरं वाटतं ते घाम झपाट्यानं वाळतो म्हणून, आणि त्यातच अंगातलं पाणी संपतं. मी निघताना सुती बनियन आणि पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट माठाच्या पाण्यात बुडवून पिळून घालायचो, वर जाळीचं जाकीट, गळ्यात ओली दस्ती. पहिली पंधरा मिनिटं अक्षरशः गारवा. बावीस किलोमीटरच्या वाटेत शर्ट घराच्या अलीकडं सुकायचा. लांब जायचं झालं तर चाळीस-पन्नास मिनिटांना सावली, पाणी, लिंबू-साखर-मीठ आणि शर्ट परत ओला. डोकं ठणकायला लागलं किंवा घाम यायचा थांबला तर गाडी जागीच सोडून सावलीत बसायचं, पुढचं गाव गाठायच्या भानगडीत पडायचं नाही.

जाकीट घातलं नाही असा एकही दिवस गेला नाही. मे मध्ये शाळेला सुट्टी होती, तरी मी नळदुर्गला जाऊन आलो ते मुद्दाम भर उन्हात तपासायला.

मीटर ६६,८१०

मृग लागला. पहिल्या पावसात सडकेवरचं तेल आणि धूळ मिळून साबण होतो, त्या दोन दिवसांत वेग चाळिशीच्या खाली. राहिलेली कामं: डाव्या फोर्कचं (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचं) सील पाझरतंय, मागच्या टायरची नक्षी झिजेच्या खुणेपर्यंत आलीय, हेडलाईटची काच पिवळी पडलीय.

अजून एक काम केलं. हंगाम संपल्यावर शाळेच्या बाजूला चार ट्रॉल्या उभ्या आहेत. मालकांना विचारून मागं लाल आणि बाजूनं पिवळी चमकणारी टेप लावली. आठवीच्या पोरांनी आधी फडक्यानं माती पुसून दिली. दोन मालकांनी आणखी टेप मागितलीय. रोल संपलाय, लातूरला गेलो की आणायचाय. पुढची नोंद दसऱ्याला, गाळप सुरू व्हायच्या आधी.