आमची वाटचाल : माळव्याच्या काळ्या मातीत अंगणाचा उतार काढताना

आमची सुरुवात नर्सरीपासून झाली. 2016 च्या उज्जैनच्या सिंहस्थाच्या आगेमागे इंदूरच्या बाहेरच्या अंगाला, राऊ आणि बिचोलीकडे, घरं भराभर उभी राहत होती आणि प्रत्येकाला मागच्या अंगणात हिरवीगार लॉन हवी होती. आम्ही रोपं द्यायचो, गवताच्या लाद्या आणून अंथरून द्यायचो. पावसाळा संपता संपता फोन यायचे, की गवत पिवळं पडलं. जाऊन पाहिलं की गवताला रोग वगैरे काही नसायचा. जिथे पाणी दोन-तीन दिवस उभं राहतं, नेमकं तिथलंच गवत मुळापासून कुजलेलं असायचं. मग आम्ही अट घातली : आधी जमिनीचा उतार पाहू, गवत मागून. काही गिऱ्हाइकं त्यामुळे गेली. जी राहिली, त्यांनी शेजाऱ्यांना आमचं नाव सांगितलं, आणि नर्सरी बाजूला पडून अंगण समतल करणं, सखल जागा भरणं, पाण्याला वाट काढून देणं हाच आमचा मुख्य व्यवसाय झाला.

इथली माती समजून घेतल्याशिवाय हे काम करताच येत नाही. काळी माती मे महिन्यात भेगाळते, काही भेगांत अख्खा हात जातो. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून सरसर खाली उतरतं आणि मालकाला वाटतं, आपल्याकडे निचरा उत्तम आहे. आठवडाभर झड लागली की माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग वरचं पाणी खाली जायचं नाव घेत नाही. इंदूरला वर्षाकाठी साधारण साडेनऊशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बारा महिन्यांत वाटून येत नाही. 2020 च्या ऑगस्टमध्ये चोवीस तासांत दहा इंचांच्या घरात पडला. अशा वेळी मातीने पाणी शोषून घ्यावं ही अपेक्षाच चुकीची. ते वरच्या वर, उताराने, घरापासून लांब गेलं पाहिजे.

म्हणूनच कोणी ‘एक शोषखड्डा करून द्या’ म्हणालं, की आम्ही आधी फूटभर खड्डा खणून त्यात पाणी भरतो. ते मुरलं की पुन्हा भरतो, आणि ही दुसरी भरती किती वेळात उतरते ते पाहतो. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच दिसलं, तर तिथला शोषखड्डा म्हणजे नुसतं हौद बांधणं. खाली मुरूम लागत असेल तर गोष्ट वेगळी. मुरमात पाणी जातं, आणि तिथवर खणायची आमची तयारी असते.

लोकमान्य नगरातलं एक काम सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण जुन्या मराठी घरांची अडचण बहुतेक अशीच असते. स्वयंपाकघराच्या मागे तुळशीवृंदावन, कोपऱ्यात आंबा, आणि पावसाळाभर भिंतीलगत पाणी. “दर वर्षी दोन ट्रॉल्या मुरूम टाकतो हो आम्ही, तरी तळं होतंच,” काकू म्हणाल्या. पाण्याला बाहेर जायला वाटच नव्हती, त्यामुळे मुरूम टाकल्यावर ते दिसेनासं व्हायचं एवढंच. मुरमाखाली, भिंतीला टेकून ते तसंच उभं असायचं. आतल्या भिंतीचे पोपडे त्यानेच निघत होते.

लेव्हल आम्ही अजूनही आधी पाण्याच्या नळीने घेतो. लेझर मशीन आहे, ते मोठ्या प्लॉटवर काढतो. पारदर्शक नळीचं एक टोक स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, दुसरं मुकादमाच्या हातात. नळीत एक जरी बुडबुडा राहिला तरी लेव्हल खोटी येते, म्हणून मुकादम आधी सगळ्या नळीला बोटाने टिचक्या मारत बुडबुडे वर काढतो, मगच भिंतीवर खूण करतो. आमचा मुकादम झाबुआकडचा. कुदळीच्या पहिल्या घावात भराव कोणता आणि मूळ जमीन कोणती हे त्याला कळतं, आणि त्याबाबतीत माझ्यापेक्षा त्याचा शब्द मी जास्त मानतो.

खुणा झाल्यावर चित्र स्पष्ट झालं. समोरचा रस्ता सिमेंटचा होताना उंच झालेला, म्हणजे पुढून वाट बंद. मागच्या गल्लीत पावसाळी नाली होती, पण मध्ये कंपाउंडची भिंत. अंगणात सगळ्यात खोल जागा नेमकी स्वयंपाकघराच्या पायाशी, आणि गच्चीचा पाईपही तिथेच सुटलेला. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला की सुमारे 2360 लीटर पाणी होतं. जवळजवळ अर्धा टँकर, एकाच कोपऱ्यात.

आधी तो पाईप पुढे वाढवून, अंगणाखालून मागच्या भिंतीपर्यंत नेला. भिंतीच्या तळाशी मोरी पाडून तिला लोखंडी जाळी बसवली, नाहीतर घुशी येतात. मग आंब्यापलीकडची उंच जागा खरवडून तीच माती घराकडे आणली. घरापासून पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार मिळाला तर उत्तम. जुन्या घरात तेवढी जागा नसते, तिथे निदान अडीच-तीन इंच तरी काढतोच. पुढे मोरीपर्यंत एक रुंद, उथळ चर, त्यात हरळी. चालताना तो पायाला जाणवतही नाही.

भराव एकदम ओतायचा नाही. सहा इंचांचा थर, बेताचं पाणी, धुम्मसाने ठोकून घट्ट करणं, मग पुढचा थर. भराव जोत्याच्या ओलरोधक थराच्या खालीच थांबला पाहिजे, नाहीतर ओल आणि वाळवी दोन्ही घरात शिरतात. आंब्याच्या बुंध्याशी माती चढवायची नाही. त्या घरच्या दादांना झाडाभोवती ओटा भरून हवा होता. मुळांना हवा लागते, एवढी माती त्यांचा श्वास कोंडेल, हे सांगितल्यावर त्यांनी आग्रह सोडला.

लॉनमधल्या लहानसहान खळग्यांना एवढा खटाटोप लागत नाही. अर्ध्या इंचापर्यंतचा खळगा चाळलेली माती, वाळू आणि कंपोस्ट मिसळून वरून भरता येतो, गवताची पाती उघडी ठेवून. त्याहून खोल असेल तर गवताची लादी उचलून खालून भरावं. काळ्या मातीच्या खळग्यात नुसती वाळू कधीच भरू नये, वाळूत पाणी साठून राहतं.

कंपोस्ट आम्ही स्वतः करतो. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इथल्याच संस्थेत काम करताना जी पद्धत बसवली, ती जगभर इंदूरच्या नावाने ओळखली जाते, आणि याच गावात अंगणांसाठी पोत्यांनी रासायनिक खत विकत आणलेलं पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं. काळी माती मोकळी व्हायला कंपोस्टसारखं दुसरं काही नाही. जिप्समचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याचा गुण चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या, जमिनीत येतो. आधी माती तपासून घ्यावी.

काम आम्ही दोन टप्प्यांत करतो. मोठी खोदाई आणि भराव होळीनंतर, पावसाच्या आत. अखेरचा हात पावसाळ्यानंतर, कारण भराव एक पाऊस खाऊन बसल्याशिवाय खरी लेव्हल कळत नाही. मध्ये एका मोठ्या पावसात आम्ही स्वतः येऊन पाणी कुठून कुठे जातं ते पाहतो. वास्तुशांतीच्या आत सगळं उरकून द्या म्हणणाऱ्यांना आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. पैशाचा शेवटचा हप्ता नवरात्रानंतर, पाऊस अंगणातून नीट निघून गेला हे घरच्यांनी पाहिल्यावर घेतो. लोकमान्य नगरच्या काकूंनी तो अनंत चतुर्दशीलाच पाठवून दिला आणि शेजारच्या घराचं काम सांगितलं. तिथे पाणी काकूंच्याच भिंतीकडून येत होतं, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही घरांना मिळून एकच चर काढला.