उचललेली पिकअप आणि हरवलेला कास्टर

देवगडकडच्या एका आंबा बागायतदारांची दुहेरी केबिनची फोर बाय फोर पिकअप हंगामाच्या तोंडावर आमच्या कणकवलीच्या वर्कशॉपला आली. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि शॉकअपवरच बसलेली कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. बागेच्या कातळवाटेवर गाडीचं पोट घासतं म्हणून त्यांनी ती उचलून घेतली होती. पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर ५० मिमीचे स्पेसर होते, मागे पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये ५० मिमीचे ठोकळे. तेव्हापासून महामार्गावर ऐंशीच्या पुढे गाडी डावीकडे ओढायची, फोंडा घाटात वळण संपलं तरी स्टेअरिंग आपणहून सरळ व्हायचं नाही आणि पुढचे दोन्ही टायर बाहेरच्या कडेला झिजले होते. दोन ठिकाणी अलाइनमेंट करून झालं होतं. दोन्ही कागदांवर टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकं आत किंवा बाहेर किती वळली आहेत तो कोन, हिरव्या रंगात, म्हणजे मर्यादेत होता. कास्टरचा रकाना दोन्हींवर रिकामा.

मालकांनी जाता जाता एक गोष्ट सांगितली आणि निदानाची दिशा तिथेच ठरली. "मिस्त्री, रिकामी असली काय गाडी भटकता, आंबो भरलो काय सरळ जाता."

हे ऐकून मला पहिला संशय कास्टरचा आला. स्टेअरिंग फिरवलं की पुढचं चाक ज्या कललेल्या अक्षाभोवती वळतं, त्याचा मागे झुकलेला कोन म्हणजे कास्टर. गाडी सरळ धरून ठेवणं आणि वळणानंतर स्टेअरिंग परत आणणं ही कामं तो करतो. मागची बाजू उचलली की अख्खी चासी पुढे झुकते आणि हा कोन कमी होतो. तीन मीटरच्या व्हीलबेसवर पाठ ५० मिमी वर गेली तर जवळजवळ एक अंश कास्टर जातो. पेट्या भरल्या की पाटे बसतात, पाठ खाली येते आणि गेलेला कास्टर थोडाफार परत मिळतो. म्हणून माल भरलेली गाडी शहाण्यासारखी चालते.

मशीनवर घेण्याआधी उंची मोजली. टायरचा आकार आणि हवा मापात गोंधळ घालू नये म्हणून हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घेतलं. पुढे डावीकडे ६१२ मिमी, उजवीकडे ६०४. त्याच मॉडेलची न उचललेली एक गाडी आमच्याकडे सर्व्हिसिंगला येते, तिचं माप ५२५ भरतं. म्हणजे ५० मिमीच्या स्पेसरनं गाडी डावीकडे ८७ मिमी उचलली गेली होती. यात चमत्कार काही नाही. शॉकअप लोअर आर्मच्या साधारण मध्यावर बसतो, त्यामुळे त्याच्या डोक्यावर जितकी जाडी घालाल त्याच्या पावणेदोन ते दोन पट उंची चाकापाशी मिळते. किट बसवणाऱ्यानं ५० मिमी उंची हवी म्हणून ५० मिमीचा स्पेसर घातला. तिथे २५ चा पुरला असता.

एवढ्या उंचीला दोन्ही आर्म चासीकडून चाकाकडे तीव्र उतरते होतात. खालचा बॉल जॉइंट (आर्म आणि चाकाची बाजू जोडणारा गोल सांधा) आत खेचला जातो, चाकाचा माथा बाहेर झुकतो, म्हणजे कॅम्बर धन होतो. स्टेअरिंगकडून चाक वळवणारा टाय रॉडही तिरपा होतो आणि टो बदलतो. तो आत जाईल की बाहेर, हे टाय रॉड ॲक्सलच्या पुढे आहे की मागे यावर ठरतं, म्हणून अंदाज न करता मोजावं. झिजलेल्या टायरवर तळवा फिरवला तेव्हा बाहेरून आत गुळगुळीत लागलं आणि आतून बाहेर येताना रबराच्या धारा टोचल्या. ही जास्त टो-इनची, म्हणजे चाकं पुढून आत वळल्याची खूण. नंतर टो दुरुस्त झाला तरी कॅम्बर तसाच राहिल्यानं बाहेरची कड झिजत राहिली.

मशीनवर पिना काढून पुढच्या चाकांखालच्या फिरत्या टर्न प्लेट मोकळ्या केल्या, ब्रेक पेडल दाबून अडकवलं आणि स्टेअरिंग दोन्हीकडे वळवून कास्टर मोजला. हा स्विंग घेतल्याशिवाय कास्टर कळत नाही, आणि पाच मिनिटं वाचवायला तोच गाळला जातो. डावा कास्टर १°०५', उजवा १°५०'. कॅम्बर डावीकडे +०°५५', उजवीकडे +०°४०'. गाडी कमी कास्टरच्या आणि जास्त धन कॅम्बरच्या बाजूला ओढते. इथे दोन्ही बाबतीत ती बाजू डावी होती, आणि रस्त्याचा उतारही आपल्याकडे डावीकडेच असतो.

आता खरी अडचण. या गाडीत लोअर आर्मच्या आतल्या दोन्ही टोकांना कॅम बोल्ट आहेत, ते फिरवले की आर्मचं टोक आत-बाहेर सरकतं. कॅम्बर कमी करायला दोन्ही कॅम बाहेर ढकलायच्या. कास्टर वाढवायला पुढची आत आणि मागची बाहेर, म्हणजे खालचा बॉल जॉइंट पुढे सरकतो. पुढच्या कॅमकडून आपण एकाच वेळी दोन उलट गोष्टी मागतो. ४०-४५ मिमी उंचीपर्यंत कॅमच्या खाचेत दोन्ही भागतं. ८५ ला भागत नाही, तिथे वरच्या बॉल जॉइंटची जागा मागे घेतलेले वेगळे अप्पर आर्म लागतात.

त्यात हे बोल्ट हलतच नव्हते. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि वर खारा वारा, त्यामुळे बोल्टची दांडी आर्मच्या टोकातल्या रबरी बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटते. पाना लावला की बोल्ट फिरल्यासारखा वाटतो, पण पिळतं ते बुशचं रबर. पाना सोडला की सगळं जागेवर परत. आधीच्या दोन्ही ठिकाणी टो मारून गाडी का सोडली असेल, ते इथे कळलं. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं, चारपैकी फक्त एक बोल्ट सुटला. गॅस लावला तर रबर जळतं, म्हणून उरलेले तीन कापले. आर्मखाली जॅक देऊन, बुश आणि ब्रॅकेटच्या फटीत ब्लेड घालून, प्रत्येक बोल्टला दोन काप. एका वेळी एकच बोल्ट काढायचा, म्हणजे आर्म जागा सोडत नाही. नवे बोल्ट, कॅम आणि बुश घातले. बोल्टच्या दांडीला तांब्याचं अँटीसीझ (गंजून चिकटू न देणारी पेस्ट) लावलं. आट्यांना ते लावत नाही, कारण मग टॉर्क पाना दाखवतो त्यापेक्षा बोल्ट जास्त ताणला जातो.

मालकांना उंची कमी करायची नव्हती. गाडी वर घेऊन चाक लोंबतं सोडलं आणि त्यांना खाली बोलावलं. अप्पर आर्म स्प्रिंगला टेकला होता, रंग घासून लोखंड चमकत होतं. डाव्या ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट एवढ्या कोनात चालत होता की रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासून फाटल्या होत्या आणि ग्रीस आर्मवर पसरलं होतं. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि अपघात झाला की विमा कंपनी इथेच बोट ठेवते, हेही त्यांना स्पष्ट सांगितलं. स्पेसर पूर्ण काढावेत असं माझं मत होतं. शेवटी पुढे २५ मिमीचे स्पेसर आणि मागे २५ चे ठोकळे यावर ते तयार झाले. पाटे ॲक्सलला आवळणारे मागचे यू-बोल्ट नवे घातले. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरू नये.

मग क्रम महत्त्वाचा. बुशचे नट आधी सैल ठेवले, गाडी जमिनीवर घेऊन पुढेमागे ढकलली, दाबून उसळवली आणि वजन चाकांवर असतानाच पूर्ण टॉर्क दिला. चाक लोंबत असताना आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आधी कास्टर, मग कॅम्बर, टो सर्वांत शेवटी, कारण पहिले दोन हलले की टो हलतोच. टो फिरवण्याआधी स्टेअरिंग रॅकच्या बुटाची क्लिप सैल केली, नाहीतर टाय रॉडबरोबर बूट पिळला जातो. कास्टर डावीकडे २°५०', उजवीकडे २°३०' ठेवला. रस्त्याच्या उताराला उत्तर म्हणून डावा मुद्दाम थोडा जास्त. कॅम्बर डावीकडे शून्य, उजवीकडे +०°०५', आणि टो-इन प्रत्येकी ०°०५'. स्कॅनर लावून स्टेअरिंग अँगल सेन्सरचा शून्यबिंदू नव्यानं घेतला. हेडलाइट खाली केले.

एक गोष्ट अलाइनमेंटमध्ये येत नाही, पण मला ती सर्वांत धोक्याची वाटली. मागच्या ॲक्सलला जोडलेला ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह पाठ वर गेली की गाडी रिकामी आहे असं धरतो आणि मागच्या चाकांचा ब्रेक कमी करतो. म्हणजे पेट्या भरलेल्या असतानाही घाट उतरताना पुढच्या ब्रेकवर जास्तीचा ताण. त्याची दांडी नव्या उंचीप्रमाणे जुळवली.

फोंडा घाटात रिकाम्या गाडीवर चाचणी घेतली. वळणातून बाहेर पडताना हात सैल सोडला की स्टेअरिंग परत येत होतं. ५०० किलोमीटरनंतर गाडी पुन्हा बोलावून यू-बोल्ट आणि कॅमचे नट तपासले. कॅमवर मारलेल्या खुणा जागच्या जागी होत्या. नवे बुश बसल्यामुळे टो ०°०२' ने सरकला होता, तेवढा जुळवून दिला.