पितळी पट्टीची खुर्ची

सरकारी कचेरीत कामानिमित्त गेलो की माझी नजर साहेबांच्या आधी साहेबांच्या खुर्चीवर जाते. पाठीवर टर्किश टॉवेल आहे का, असला तर धुतलेला आहे का, आणि शेजारच्या खुर्चीवर तो का नाही, यात वेळ बरा जातो. तिथे तसाही तो घालवायचाच असतो. साहेबांची बदली झाली की टॉवेल बदलतो, खुर्ची तीच राहते. नवे साहेब जुन्या साहेबांनी पाडलेल्या खळग्यात बसून कारभाराला लागतात.

वॉशिंग्टनला, व्हाइट हाउसमध्ये, नेमकं उलटं आहे. मंत्रिमंडळाच्या बैठकीच्या खोलीत मेहॉगनीचं लांबट, अंडाकृती टेबल आहे. ते रिचर्ड निक्सन यांनी १९७० मध्ये स्वतःच्या पैशाने घेऊन दिलेलं. भोवती चामड्याच्या खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पद कोरलेली छोटी पितळी पट्टी. कोणी कुठे बसायचं हेही ठरलेलं. खातं जितकं जुनं, तितकी खुर्ची टेबलाच्या मध्याजवळ. परराष्ट्र खातं १७८९ चं, म्हणून परराष्ट्रमंत्री अध्यक्षांच्या उजव्या हाताला. अंतर्गत सुरक्षा खातं २००२ च्या कायद्याने जन्मलं, म्हणून त्याची खुर्ची पार टोकाला. अध्यक्षांची खुर्ची इतरांसारखीच, फक्त पाठ दोन इंच उंच. आपल्याकडे ते काम टॉवेल करतो. आणि मंत्री पायउतार झाला की आपली खुर्ची तो घरी नेतो. फुकट नव्हे, तिची किंमत भरावी लागते. बहुतेक वेळा खात्यातली मंडळीच वर्गणी काढून निरोपाची भेट म्हणून ती त्याला देतात. पुढाऱ्यांना खुर्ची सोडवत नाही म्हणून आपण नावं ठेवतो. त्यांनी त्यावर उपाय काढला आहे.

या खुर्च्यांची खरी उठाठेव होते ती अध्यक्ष दुसऱ्यांदा निवडून आला की. नोव्हेंबरात निकाल, २० जानेवारीला शपथ. मधल्या दिवसांत कोण राहणार, कोणाला नारळ मिळणार याच्या पैजा लागतात. २००४ मध्ये धाकट्या बुश यांनी पंधरापैकी नऊ खात्यांचे मंत्री बदलले. परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल गेले आणि त्यांच्या जागी व्हाइट हाउसमधल्याच काँडोलिझा राईस आल्या. ओबामांच्या वेळी त्याच खात्यातून हिलरी क्लिंटन गेल्या, जॉन केरी आले. अर्थखात्यासाठी ओबामांनी आपल्या कार्यालयाचे प्रमुख जॅक ल्यू यांना निवडलं, तेव्हा त्यांच्या धोरणांपेक्षा सहीचीच चर्चा जास्त झाली. डॉलरच्या नोटेवर अर्थमंत्र्याची सही छापतात, आणि ल्यू यांची सही म्हणजे जिलेबी होती. निदान एक अक्षर तरी वाचता येईल अशी सही करण्याचं त्यांनी कबूल केलंय, असं ओबामांनी हसत हसत सांगून टाकलं.

मराठी वर्तमानपत्रांवर पोसलेल्या माणसाला या सगळ्यात एक गोष्ट चुकल्यासारखी वाटते. नाराजी कुठे आहे? डावललेला मंत्री ‘नॉट रिचेबल’ होत नाही, समर्थक बंगल्याबाहेर ठिय्या देत नाहीत, मलईदार खात्यासाठी दिल्लीवारी नाही. कारण साधं आहे. अमेरिकेत मंत्र्याला संसदेत बसताच येत नाही. सिनेटर असेल तर त्याला आधी सिनेटची जागा सोडावी लागते, केरींनीही ती सोडली. त्यामुळे मंत्र्याच्या मागे आमदारांचा गट नसतो, मतदारसंघ नसतो, पडू शकणारं सरकार नसतं. सिनेटने एकदा नेमणूक मंजूर केली की पुढे तो अध्यक्षांच्या मर्जीवर. राजीनामा मागितला की लिहून द्यायचा, आणि पत्रात ‘आपल्यासोबत काम करण्याचा बहुमान लाभला’ हेही लिहायचं.

तो राजीनामा मागण्याचा एक प्रसंग मात्र असा आहे की मला तो पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो.

७ नोव्हेंबर १९७२. निक्सन पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं जिंकले. फक्त मॅसॅच्युसेट्स आणि राजधानीचा जिल्हा तेवढा हातचा गेला. एवढा दणदणीत विजय, आणि त्याच रात्री समोरच्या एका दाताची टोपी निघाली. दंतवैद्य बोलावून तात्पुरती बसवून घेतली, पण भाषणात मोकळं हसायची पंचाईत. त्या रात्री मन उदास होतं, असं त्यांनी पुढे आठवणींत लिहिलं आहे. दाताचा त्यात किती वाटा होता, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळाची बैठक. मंत्री रात्रभराच्या जागरणाने तांबारलेल्या डोळ्यांनी, पण खुशीत आलेले. पाठीवर थाप पडेल, निदान आभार तरी मानले जातील, अशी अपेक्षा. निक्सन आले आणि थोडं इतिहासावर बोलले. ब्रिटनचे विरोधी पक्षनेते डिझरायली यांनी बरोबर शंभर वर्षांपूर्वी पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या मंत्र्यांना ‘विझलेले ज्वालामुखी’ म्हटलं होतं. दुसऱ्या खेपेला सरकारं तशी होतात, आपलं तसं होऊ द्यायचं नाही, असा बोलण्याचा रोख. एवढं बोलून ते उठून गेले. सूत्रं हाल्डमन यांच्या हाती. हे अध्यक्षांच्या कार्यालयाचे प्रमुख, शिपाईगड्यासारखे बारीक केस ठेवणारे. त्यांनी सांगितलं, सगळ्यांनी राजीनामे लिहून द्यावेत. नुसत्या मंत्र्यांनीच नव्हे, खालच्या राजकीय नेमणुकीवरच्या माणसांनीही.

मला त्या खोलीतली शांतता ऐकू येते. आदल्या रात्री ज्यांनी फुगे फोडले, त्यांना सकाळी सांगायचं की तुम्ही विझलात! राजीनामे घेणं ही पद्धत जुनी आहे, पण ते मागायला निदान एक रविवार मध्ये जाऊ द्यावा. हे आपलं चुकलंच, लोकांच्या मनावर त्याचा काय परिणाम होईल याचा विचार केला नाही, अशी कबुली निक्सन यांनी पुढे स्वतःच दिली.

मग कॅम्प डेव्हिडच्या डोंगरावर, अध्यक्षांच्या विश्रामस्थानी, मुक्काम. एकेका मंत्र्याने हेलिकॉप्टरने वर जायचं आणि आपला निकाल ऐकून खाली यायचं. संरक्षणमंत्री लेअर्ड यांनी चारच वर्षं थांबणार हे आधीच सांगितलेलं होतं. गृहनिर्माण मंत्री जॉर्ज रॉम्नी तसेही कंटाळलेले, ते सुटले. मजूर खात्यावर न्यूयॉर्कच्या बांधकाम कामगारांचे पुढारी पीटर ब्रेनन यांची वर्णी लागली. मूळचे रंगारी. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच निक्सन यांना बांधकाम मजुराचं शिरस्त्राण भेट दिलं होतं. आता रंगाऱ्याला खातं मिळालं. ही नेमणूक मला मनापासून आवडते, कारण या यादीत बाकी बरेचसे वकील, कारखानदार आणि तेलवाले होते.

सगळ्यात भाग्यवान दिसत होते इलियट रिचर्डसन. आरोग्य-शिक्षण खात्यातून थेट संरक्षण. ती खुर्ची उबदार व्हायच्या आत, चार महिन्यांत, त्यांना उचलून ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, केलं. तोवर वॉटरगेटचा, म्हणजे विरोधी पक्षाच्या कचेरीतल्या घरफोडीच्या प्रकरणाचा, धूर निघू लागला होता आणि निक्सन यांना त्या जागी स्वच्छ माणूस हवा होता. स्वच्छ माणूस नेमण्यात एक धोका असतो, तो स्वच्छ निघतो. २० ऑक्टोबर १९७३, शनिवार. निक्सन यांनी फर्मान काढलं की चौकशी करणाऱ्या विशेष सरकारी वकिलाला काढून टाका. रिचर्डसन यांनी त्याला काढलं नाही, स्वतःचा राजीनामा दिला. त्यांच्या हाताखालच्या रकलशॉस यांनीही तेच केलं.

आणि ज्या हाल्डमननी त्या सकाळी सगळ्यांचे राजीनामे गोळा केले, त्यांचा स्वतःचा राजीनामा त्याच्या आधीच, ३० एप्रिल १९७३ ला, पडला होता. सहा महिनेही झाले नव्हते. पुढे ते तुरुंगातही गेले. क्लायन्डिन्स्ट हे आधीचे ॲटर्नी जनरल, फेरबदलात टिकले म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला असणार. तेही त्याच दिवशी गेले. परराष्ट्रमंत्री रॉजर्स यांनाही तेव्हा ठेवलं होतं. सप्टेंबरात त्यांची खुर्ची अध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांच्याकडे गेली.

याच फेरबदलात एका होतकरू माणसाला लांब पाठवलं गेलं. डोनाल्ड रम्सफेल्ड. महागाईवर नियंत्रण ठेवणाऱ्या मंडळाचे ते प्रमुख होते. १९७३ च्या सुरुवातीला त्यांना ‘नाटो’त राजदूत म्हणून ब्रसेल्सला धाडलं. सत्तेच्या दारातून थेट समुद्रापार, आपल्याकडे याला अडगळीत टाकणं म्हणतात. पण घर पेटलं तेव्हा रम्सफेल्ड अडगळीत होते, म्हणून अंगावर ठिणगी उडाली नाही. ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन गेले, फोर्ड आले, आणि ब्रसेल्सला निरोप गेला: निघून या.

फोर्ड यांनीही पुढे एक फेरबदल केला. नोव्हेंबर १९७५, निवडणूक वर्षावर आलेली. लोकांनी न निवडलेला हा अध्यक्ष, त्याला आपल्या नावाने एक मुदत हवी होती. संरक्षणमंत्री श्लेसिंजर गेले, गुप्तचर खात्याचे प्रमुख कोल्बी गेले, किसिंजर यांच्याकडच्या दोन पदांपैकी सुरक्षा सल्लागाराचं पद काढून घेतलं. संरक्षण रम्सफेल्ड यांच्याकडे, वय त्रेचाळीस. गुप्तचर खातं थोरल्या बुश यांच्याकडे. कार्यालयाचे प्रमुख झाले डिक चेनी, वय चौतीस. आणि लंडनला राजदूत असलेल्या रिचर्डसन यांना बोलावून वाणिज्य खातं दिलं, त्यांचं चौथं. चार पट्ट्यांवर चार पदं, एकच माणूस. त्यांच्या घरात एवढ्या खुर्च्या मांडायला जागा होती की नाही, हा माझा एक फुटकळ प्रश्न आहे.

एवढी मांडामांड करून फोर्ड १९७६ मध्ये कार्टर यांच्याकडून हरले. दुसरी मुदत आलीच नाही. पण त्या फेरबदलातले थोरले बुश पुढे अध्यक्ष झाले. चेनी २००१ मध्ये उपाध्यक्ष झाले आणि रम्सफेल्ड पुन्हा संरक्षणमंत्री. उपाध्यक्षांची खुर्ची त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, अध्यक्षांच्या अगदी समोर असते. २००४ ला नऊ मंत्री गेले, रम्सफेल्ड यांना कोणी हात लावला नाही. इराकवरून गदारोळ चालू असतानाही ते आणखी दोन वर्षं राहिले, मुदतीच्या मध्यावरच्या संसदेच्या निवडणुकीत पक्ष आपटेपर्यंत.