रेमंटायर साहेबांचं घड्याळ

आमच्या घरात गेली सव्वाशे-दीडशे वर्षं एक इंग्रज साहेब राहतात. दसऱ्याला कोयता, शिलाई मशीन आणि माझा लॅपटॉप यांच्या रांगेत लाल फडक्यावर एक खिशातलं घड्याळ ठेवलं जातं. त्याला हळदकुंकू वाहताना आत्या घरातल्या नव्या सुनेला, आणि नवी सून नसेल तर आम्हालाच, सांगते, "हे रेमंटायर साहेबांचं."

गोष्ट अशी, की १८७६ ते ७८च्या दुष्काळात आमचे खापरपणजोबा दुष्काळी कामावर मुकादम होते. खडी फोडणाऱ्यांची हजेरी त्यांच्याकडे, आणि हिशेबात दमडीचा घोळ नाही. साहेब खूश. विलायतेला परत निघताना त्यांनी कोटातलं घड्याळ काढून आजोबांच्या हातावर ठेवलं. पुरावा घड्याळातच आहे. मागचं चांदीचं झाकण उघडलं की आत दुसरं झाकण, पिवळंधमक, आणि त्यावर वळणदार अक्षरांत साहेबांचं नाव कोरलेलं. बाहेर चांदी आणि आत सोनं कशाला? चोराला कळू नये म्हणून. नावाखाली दहाचा आकडा आणि पुढे 'रुबिस'. म्हणजे दहा माणकं! या माणकांवर माझ्या दोन चुलतभावांचं लहानपणापासून बारीक लक्ष.

यंदा गावचं घर विकलं. पितळी भांडी वजनावर वाटली गेली, घड्याळाचे तुकडे मात्र करता येईनात. तेव्हा किंमत काढून आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पुण्यात राहतो आणि पुण्यात सगळं कळतं अशी गावाकडे समजूत आहे.

पेठेतल्या एका जिन्याखाली घड्याळजींचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि घड्याळजी. त्यांनी डोळ्यात भिंग अडकवलं, अंगठ्याचं नख झाकणाच्या कडेत घातलं, टक् आवाज झाला. नाव वाचलं आणि म्हणाले, "या साहेबांना ओळखतो मी. महिन्याकाठी एकदा तरी येतात."

'रेमोंत्वार' हा फ्रेंच शब्द. घड्याळाला वेगळी किल्ली लागत नाही, डोक्यावरची फिरकी फिरवूनच चावी देता येते, एवढाच त्याचा अर्थ. पूर्वी खिशातल्या घड्याळाची इवलीशी किल्ली साखळीला बांधलेली असे. ती हरवली की घड्याळ ठप्प. आद्रियाँ फिलिप नावाच्या फ्रेंच घड्याळजीने १८४०च्या दशकात फिरकीची युक्ती काढली, आणि पुढे ती स्वस्तातल्या स्विस घड्याळांतही आली, तेव्हा कारखानदार मोठ्या अभिमानाने ते झाकणावर कोरू लागले. आपल्या फ्रिजच्या दारावर 'फ्रॉस्ट फ्री' लिहिलेलं असतं, तसंच. उद्या माझी पतवंडं कुणा फ्रॉस्टफ्री साहेबांना हळदकुंकू वाहतील.

एकदा साहेब गेल्यावर बाकीचं ढासळायला वेळ लागला नाही. सोन्याच्या झाकणावर अगदी खाली बारीक अक्षरांत 'क्विव्र' लिहिलं होतं. म्हणजे तांबं. बाहेरच्या चांदीवरून गिऱ्हाईक फसू नये म्हणून कारखानदाराने आतलं झाकण साध्या धातूचं असल्याचं स्वतःहून लिहून ठेवलेलं. चार पिढ्या आम्ही त्या कबुलीजबाबालाच सोनं समजत आलो. माणकं खरीच होती, दहाच्या दहा, पण घड्याळजींनी चिमट्याच्या टोकाने दाखवली तेव्हा मला फक्त गुलाबी ठिपके दिसले. चाकांच्या आसांची टोकं झिजू नयेत म्हणून भोक पाडून बसवलेले खडे ते. मोहरीच्या दाण्यापुढेही लहान. "अंगठीत बसवायचे तर मुंगीची अंगठी लागेल," घड्याळजी म्हणाले. मशीन सिलिंडरचं, म्हणजे त्या काळातलंही हलक्या पैकीच. लिव्हरचं असतं तर चार पैसे जास्त आले असते.

चांदी मात्र खरी. बाहेरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ०.८०० हा आकडा आणि शेजारी एक चिमुकला पक्षी, रानकोंबड्यासारखा. आत्याची चिंच आणि रांगोळी दर दसऱ्याला बाहेरूनच फिरत आली. वरची वेलबुट्टी तिने जवळजवळ सपाट करून टाकली आहे, पण आतला पक्षी वाचला. हा स्विस सरकारी छाप, हजारात आठशे भाग चांदीचा. आणि तो सुरू झाला १८८२ साली. दुष्काळ तर ७८ला संपलेला. मी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि गप्प बसलो.

"चालत नाही पण ते," मी म्हणालो. "फिरकी फिरवली तरी काटे हलत नाहीत."

घड्याळजींनी फिरकीला दहा-बारा वळसे दिले. मग फिरकीच्या बाजूला एक टिकली होती, टाचणीच्या डोक्याएवढी, ती नखाने दाबून धरली आणि फिरकी पुन्हा फिरवली. काटे सरसर फिरले. टिकली सोडली, घड्याळ माझ्या कानाशी धरलं. टिकटिक नव्हे, काहीतरी घाईघाईचं, कोरड्या पानावर किडा चालल्यासारखं. बिघडलंय म्हणून माझ्या वडिलांच्या लहानपणापासून कपाटात पडलेलं घड्याळ. बिघडलेलं काही नव्हतंच, फक्त टिकली कुणाला ठाऊक नव्हती. तरी त्यांनी बजावलं, आत तेलाचा डिंक झालाय, साफ केल्याशिवाय चालवू नका.

किंमत? चांदीचे येतील त्याहून थोडे जास्त, तेही हौशी माणूस भेटला तर. चुलतभावांना फोनवर सांगितलं. दोघांनीही मोठ्या मनाने घड्याळावरचा हक्क तिथल्या तिथे सोडला.

आत्याला सांगायचं जिवावर आलं होतं. पण सांगितलं सगळं: किल्ली, तांबं, पक्षी, १८८२. ती थोडा वेळ काही बोलली नाही.

"म्हणजे तेव्हा दिलं नाही, नंतर विलायतेहून पाठवलं असणार," ती म्हणाली. आणि मग एकदम कळवळून, "पण अरे, इतकी वर्षं बिचाऱ्याचं नाव चुकीचं घेत होतो की रे आपण!"